पहिली ओळ कापलेलं पत्रक

अन्याय तुमच्यावर झाला, चाचा. सत्तावीस दिवसांपूर्वीच्या मंगळवारी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, विसरवाडीच्या हायवेवर, तुमच्याच दुकानात. करणारी मी.

आमच्या संघटनेत पत्रक लिहायला शिकवतात तेव्हा पहिला नियम हाच. कोणावर अन्याय झाला आणि कधी झाला, ते पहिल्या ओळीत. नाव, गाव, काम, वेळ, सगळं. आणि शेवटच्या ओळीत मागणी. मला दुसरं काही लिहिता येत नाही, म्हणून तुमच्यावरही असंच लिहितेय. फक्त तुमचं नाव लिहीत नाही. तुमच्या नावावरून तुमच्या मुलाचं नाव कळतं, आणि ते मी एकदा लिहून बसले आहे.

तुम्हाला जाऊन आज पाच दिवस झाले. या पाच दिवसांत माझा फोन चारदा अनोळखी नंबरावरून वाजला. चारही वेळा मी तो उचलायच्या आधी भिंतीला पाठ टेकवून उभी राहिले. एकदा खतवाला होता, एकदा कुणीतरी चुकून लावलेला. बाकीचे दोन मी उचललेच नाहीत. त्यातला एक तुमच्या मुलाच्या जहाजावरून असेल का, हा प्रश्न तेव्हापासून सुटत नाही. परत लावून बघायची हिंमत नाही. जी बाई माइकवर गळा फाडून मंत्र्यांना जाब विचारते, ती स्वतःच्या फोनला घाबरते. तुम्ही हसला असतात.

आपली ओळख धुरामुळे झाली. संघटनेची जुनी जीप विसरवाडीच्या चढाला काळा धूर ओकत बंद पडली आणि ढकलत ढकलत तुमच्या दारात आणली. तुम्ही गाड्यांच्या इंजिनाचे डिझेल पंप दुरुस्त करायचात. पंप काढला, तपासणीच्या बेंचवर बसवला, मोटर चालू केली. समोर काचेच्या नळ्या रांगेत. पंपाचं प्रत्येक तोंड आपापल्या नळीत डिझेल सोडतं, आणि सगळ्या नळ्या सारख्या भरल्या तरच पंप चांगला. आमच्या दोन नळ्या काठोकाठ होत्या आणि बाकीच्या दोनांत जेमतेम थेंब.

मी मागच्या सीटवरचा गठ्ठा फोडून तुम्हाला पत्रक दिलं. आखातातल्या बॉम्बफेकीवर होतं. "भारताने आपल्या परंपरेला जागून निषेध करावा" वगैरे. तुम्ही काळ्या बोटांनी कोपरा धरून सगळं वाचलंत. एवढ्या नीट आमचं पत्रक आमच्या माणसांनीसुद्धा कधी वाचलं नाही. मग विचारलंत, "तेल कोठून येस ते लिखेल नही?"

मी म्हणाले, चाचा, हा शांततेचा प्रश्न आहे, तत्त्वाचा आहे.

"तेल कोठून येस ते आधी सांग, माय. मंग तत्त्व कोनतं निंघी ते मी सांगस."

मला राग आला होता. पंप दुरुस्त करणारा माणूस मला परराष्ट्र धोरण शिकवतो, हाच राग, आता लपवून काय करू. तुम्ही मला हाताला धरून बेंचच्या मागे नेलंत. तिथे प्रत्येक नळीच्या मागे भिंतीवर वर्तमानपत्राचं कात्रण डकवलेलं. आपल्या सरकारची निवेदनं. एकेका देशाला एकेक नळी. एकाने शेजाऱ्यावर बॉम्ब टाकले, त्यावर आपलं निवेदन. दुसऱ्याने टाकले, त्यावर आपलं. कात्रणांवर तुम्ही खडूने रेघा मारल्या होत्या. "परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत" म्हणजे तळाला थेंब. "चिंता" म्हणजे पाव नळी. "तीव्र चिंता" अर्धी. "निषेध" काठोकाठ. बॉम्ब सारखेच, मेलेली लेकरं सारखीच, आणि नळ्या बघा. ज्याच्याकडून तेल येत नाही त्याची नळी भरलेली, आणि ज्याच्याकडून टँकरच्या टँकर येतात त्याची कोरडी.

"असा पंप गाडीले लावा तं गाडी काय करी?" तुम्ही विचारलंत.

"धूर टाकेल," मी म्हणाले.

"टाकीच ऱ्हायनी." टाकतेच आहे, म्हणजे देशाची गाडी.

ट्रकवाल्यांना त्या भिंतीचा भारी नाद. पंप बेंचवर चढला की ते मागे जाऊन वाचत बसायचे. हरियाणाचा एक सरदारजी दर खेपेला विचारायचा, "चाचा, हमारे किसानों वाली नली कौन सी है?" आणि तुम्ही न हसता सांगायचात, "उस में हवा आ गई है. निकालनी पड़ेगी."

आणि तो पुढारी आठवतो? नव्या गाडीचा पंप घेऊन आला होता, गळ्यात गमछा, मागे दोन मोटरसायकली. आदल्या दिवशीच चौकात भाषण ठोकून आला होता की तेल कुणाकडून घ्यायचं ते आम्हाला कुणी शिकवू नये, हा देशाच्या स्वाभिमानाचा प्रश्न आहे. तुम्ही स्पॅनर फिरवता फिरवता म्हणालात, "मांगला वरीसले तं तू सांगी ऱ्हायंता का जगमा दोनच जाती शेतस, लोकशाही आनि हुकूमशाही. आपली दोस्ती लोकशाहीसंगे."

"चाचा, ते भाषण होतं."

"मंग कालदिन काय व्हतं?"

तो गमछा सारखा करत म्हणाला, "ते पण भाषणच."

आपण तिघंही हसलो, तोही. तेव्हा हसायला येत होतं. तेव्हा तुमचा मुलगा घरी होता.

मग तो जहाजावर गेला. इंजिनरूममध्ये ऑइलर, म्हणजे यंत्राला तेल-पाणी करणारा. तुम्ही दुकानात पेढे वाटलेत आणि मला म्हणालात, बापाने आयुष्यभर डिझेल गाळलं, आता पोरगा समुद्रभर कच्चं तेल घेऊन फिरणार, खानदान सुधारलं. होळीच्या आठवड्यात त्याचं जहाज आखाताच्या तोंडाशी एका देशाच्या नौदलाने अडवलं. कोणाचं तेल होतं, कोणाला चाललं होतं, कागद खरे की खोटे, आजतागायत कुणी नीट सांगितलेलं नाही. माणसं मात्र जहाजावरच अडकली. त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. बाप, दुकान, इंजिनरूम आणि देश, एवढं सगळं एकाच कागदावर आलं की बोट थेट पोरावर रोखलं जातं. हे शिकायला मला तुमचं मरण लागलं.

आपल्या सरकारचं निवेदन तिसऱ्या दिवशी आलं. "परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवून आहोत. सर्व संबंधितांनी संयम बाळगावा." अडवणाऱ्याचं नावही नाही. त्या देशाकडून आपण तेल घेतो.

तुम्ही ते कात्रण कापलंत, पण डकवलं नाहीत. खिशात ठेवलंत.

मी सगळीकडे गेले. सरकारी नंबरावर फोन केला तर तिकडचा माणूस फार सभ्य होता, "संपर्क सुरू आहे" एवढंच पाचदा म्हणाला. संघटनेत गेले तर आमच्या बुजुर्गांनी चष्मा काढला. म्हणाले, त्या देशाने इतकी वर्षं मोठ्या सत्तेपुढे मान तुकवली नाही, त्याच्यावर आपण लिहायचं म्हणजे समोरच्या छावणीला बळ देणं आहे, नीट विचार कर. म्हणजे सरकारला तेल आडवं येत होतं आणि आम्हाला आमचीच जुनी घोषणा. कोरीटला घरी गेले तर बाबा पपईच्या बागेतून वर न बघता म्हणाले, "डिझेल महाग व्हयनं का? नही ना? मंग तू कसाले बोंबली ऱ्हायनी?"

माझं डोकं फिरलं. एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. पहिल्या ओळीत तुमच्या मुलाचं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, जहाजावरचं काम, अडवल्याचा दिवस. वर त्याचा फोटो. खाली त्या देशाचं नाव ठळक अक्षरात आणि त्याच्यापुढे "दरोडेखोर". त्याखाली आपलं निवेदन आणि मोठ्ठा प्रश्न, आपल्या माणसापेक्षा तेल मोठं का. असं धारदार पत्रक मी कधी लिहिलं नव्हतं. मला त्याचा अभिमान होता, हे लिहायलाच हवं. बुजुर्गांना दाखवायचं होतं की मी घाबरत नाही.

अर्धा गठ्ठा तुमच्या दुकानात टाकायचा आणि अर्धा अक्कलकुव्याच्या बाजारात वाटायचा, असं ठरवून मी मंगळवारी सकाळी तुमच्याकडे आले. तुम्ही पहिली ओळ वाचलीत आणि स्टुलावर बसलात.

"पोऱ्यानं नाव काढी टाक."

मी म्हणाले, पोराचं नाव का काढू? तुम्ही सांगितलंत, आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता, एक मिनिटाचा. तुम्ही त्याचेच शब्द म्हणून दाखवलेत, त्याच घाईने. "अब्बू, उधर कुछ बोलना मत. इधर नाम पूछते, फोन देखते. कौन क्या बोला, सब देखते."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला ऐकू आलं ते वेगळंच. वाटलं, अख्ख्या हायवेला निवेदनं मोजायला शिकवणारा माणूस, स्वतःवर आल्यावर "संयम" म्हणतोय. मी म्हणाले, पहिली ओळ काढली तर पत्रक उरतच नाही, चाचा. नाव नाही तर अन्याय कोणावर? तुम्हीच तर पातळ शब्दांवर हसायचात. आता तुम्हालाच पातळ हवं?

"तुन्ही हिंमत मन्हा पोऱ्याना गळामा काबर बांधस, माय?"

तुमचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी तरी भांडलेच. म्हणाले, मग सरकारचं काय चुकलं? तेही हेच म्हणतं, आपली माणसं तिथे आहेत म्हणून हळू बोलतो.

तुम्ही नळ्यांकडे बघितलंत. मग म्हणालात, "सरकारना पोऱ्या तठे नही शे. सरकारनं तेल शे तठे."

आणि मी काय उत्तर दिलं? "आणि तुमच्या या बेंचवर काय वाहतं?"

ते वाक्य मी कितीदा गिळायचा प्रयत्न केला या पाच दिवसांत. जातच नाही खाली. त्यात खरं काहीतरी होतं, म्हणून जास्त जात नाही. तुमचा बेंच डिझेलवर, माझी जीप डिझेलवर, बाबांचा ट्रॅक्टर डिझेलवर. तेलाविरुद्धचं पत्रक मी तेल जाळत अक्कलकुव्याला नेणार होते. आपण दोघं बसून यावर दिवसभर वाद घालू शकलो असतो, आणि तुम्ही मला हरवलंही असतं. पण मी ते वाद घालायला बोललेच नव्हते, लागावं म्हणून बोलले होते. तुम्हाला लागलं. तुम्ही फडक्याने हात पुसायला लागलात, पुसतच राहिलात.

शेवटी तुम्ही एवढंच विचारलंत, "काढशी ना?"

मी घड्याळ पाहिलं, कारण बाजार भरत होता. नऊ वीस. मी म्हणाले, "बघते."

बघते! "लक्ष ठेवून आहोत" आणि "बघते" यात काय फरक आहे, सांगा. तळाला थेंब. तुमच्या भिंतीवर मी स्वतःच्या तोंडाने आणखी एक कात्रण डकवलं, अर्धा गठ्ठा बेंचजवळ ठेवला आणि जीपमध्ये बसले.

अक्कलकुव्यात पत्रकं हातोहात गेली. कुणीतरी फोटो काढला, फोनवरून फिरला, पार सुरतेपर्यंत गेला. मला शाबासक्या आल्या. त्या मंगळवारनंतर अकराव्या दिवसापासून तुमच्या मुलाचा फोन बंद.

कदाचित रेंज नसेल. कदाचित सगळ्यांचेच फोन काढून घेतले असतील. कदाचित पत्रकाचा काही संबंधही नसेल. कुठल्या देशाचं नौदल अक्कलकुव्याच्या बाजारातलं मराठी पत्रक वाचत बसलंय? असं मी स्वतःला दिवसा समजावते, मोठ्याने. पण "सब देखते" हे त्याने सांगितलं होतं, तुम्ही मला सांगितलं होतं, आणि मी बघते म्हणाले होते. मला माहीत नाही, चाचा. कुणालाच माहीत नाही. माहीत नसणं इतकं भयंकर असतं हे मला माहीत नव्हतं. माझ्या सगळ्या पत्रकांत "जनतेत भीतीचं वातावरण आहे" असं वाक्य असतं. ते लिहिताना मला कधी भीती वाटली नव्हती. आता ताट समोर असतं आणि घास तोंडापर्यंत जाऊन थांबतो, कारण तेवढ्यात वाटतं, आत्ता त्याला कुणी विचारत असेल, हा कागद तुझ्या बापाने छापला का.

तुमच्याकडे यायचं मी टाळलं. जीप दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. विसरवाडीवरून बस जायची तेव्हा मी उजवीकडे बसायचे, कारण दुकान डावीकडे. त्या मंगळवारनंतर बाविसाव्या दिवशी शेजारच्या टायरवाल्याचा फोन आला. सकाळपासून बेंचची मोटर चालूच होती म्हणून तो बघायला गेला. तुम्ही स्टुलावरच होतात.

तुम्हाला शेवटचं बघायला मी आले नाही. तिसऱ्या दिवसाच्या दुआला, जियारतला आले, तेही बाहेरच उभी राहिले. चाचींनी मला आत बोलावलं. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलायलाच हवं. त्या आत गेल्या आणि ग्रीसचा एक डबा घेऊन आल्या. धुऊन, पुसून लख्ख केलेला. माझ्या मांडीवर ठेवला.

"ये तेरे कागज के हैं बेटा. मेरे से फेंके नहीं जाते."

डब्यात कागदाच्या पट्ट्या होत्या. माझ्या पत्रकाची पहिली ओळ आणि वरचा फोटो, एकेका पत्रकाची, सरळ कापलेली. गॅस्केट कापायची तुमची कात्री मला ठाऊक आहे, तिची धार अशीच जाते. डबाभर तुमच्या मुलाचं नाव. दुकानात टाकलेल्या अर्ध्या गठ्ठ्यातलं एकही पत्रक तुम्ही सोडलं नव्हतं.

मी विचारलं, आणि बाकीचा कागद? फाडला?

उत्तर दारात बसलेल्या टँकर ड्रायव्हरने दिलं. त्याला मी ओळखत नव्हते. "मैडम, वो पर्चा आपका था? चाचा ने हम सबको दिया, गाड़ी-गाड़ी में. मैंने पूछा, ऊपर से कटा हुआ क्यों है? बोले, ऊपर का हिस्सा घर का है, नीचे का सबका."

खालच्या भागात त्या देशाचं नाव होतं. "दरोडेखोर" होतं. आपलं पातळ निवेदन आणि तेलाचा प्रश्न होता. सगळं तसंच. तुम्ही एकही शब्द पातळ केला नव्हता. तुम्ही फक्त पोराला बाजूला उभं केलं आणि उरलेलं स्वतःच्या हाताने हायवेवर वाटलं. पहिल्या ओळीशिवाय पत्रक उरत नाही म्हणणारी मी. ते उरलं होतं, ट्रकांत बसून जिल्ह्याबाहेर गेलं होतं, आणि कुणाला ते अर्धं वाटलं नव्हतं.

हे तुम्ही मला सांगायला हवं होतं. एक फोन करून, रागावून. की सांगणार होतात आणि मी बसमध्ये उजवीकडे बसले होते? तुमचे आभार मानायला आता काय करू? तुम्ही मला बॉम्ब मोजायला नाही, शब्द मोजायला शिकवलंत, आणि मी दुसऱ्यांचेच मोजत राहिले. डबा माझ्याकडे आहे. चाचींचा फोन चार्जिंगला लावलेला असतो, त्याच्या आवाजाचं बटण त्या दर तासाला तपासतात. मीही माझा तपासते. आता अनोळखी नंबर आला की उचलेन, एवढं मी तुम्हाला सांगू शकते. "बघते" म्हणणार नाही.

आणि आता तुम्हाला, जे हे वाचताय.

अक्कलकुव्याच्या बाजारात ते पत्रक माझ्या हातून घेतलेल्या प्रत्येकाला मागणी आहे. शोधा. दुकानाच्या फळीवर असेल, शर्टाच्या खिशात, भाकरीच्या डब्याखाली. कात्री घ्या आणि फोटोसकट पहिली ओळ कापा. फोनमध्ये फिरत आला असेल तर पुसा, ज्याला पाठवला त्यालाही पुसायला लावा. कापलेली पट्टी टाकू नका, मला आणून द्या, डब्यात जागा आहे. उरलेलं पत्रक फाडायचं नाही. ते घेऊन तुमच्या आमदाराच्या, खासदाराच्या, मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाच्या दारात उभे राहा आणि कुणाचं नाव न घेता विचारा, त्या जहाजावरची आपली माणसं कुठे आहेत. "लक्ष ठेवून आहोत" म्हणाले तर तिथून हलू नका. पण आधी कात्री. वाचून झालं की लगेच, आज.